लाइट गेली तरी आबांचा हरिपाठ चालू राहावा म्हणून

सेलूजवळच्या आमच्या गावात संध्याकाळी हमखास लाइट जाते, आणि आबांना मोबाइलचा बारीक आवाज ऐकू येत नाही. म्हणून मोबाइलचा आवाज मोठा करून स्पीकरला देणारा, पीएएम८४०३ चिपचा छोटा ॲम्प्लिफायर बोर्ड बॅटरीवर बसवला.

आधी हे पक्कं ध्यानात ठेवा: या बोर्डाला २.५ ते ५.५ व्होल्टच चालतात. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी लावून माझा पहिला बोर्ड गेला. चिपवर बारीक फोड आला आणि खोलीभर जळका वास पसरला.

१८६५० चा एक लिथियम सेल घ्या. भरलेला असताना ४.२ व्होल्ट, उतरत उतरत ३ पर्यंत. बोर्डाला थेट चालतो. मध्ये व्होल्टेज वाढवणारं बूस्ट मॉड्यूल घालू नका. आवाज थोडा वाढतो खरा, पण स्वस्त मॉड्यूलची सूंऽ स्पीकरमधून येते, आणि टाळ थांबले की तीच कानाला टोचते. सेलला सोल्डर करू नका, होल्डर वापरा.

चार्जिंगला टीपी४०५६ चं प्रोटेक्शनवालं मॉड्यूल घ्या. सेल ‘बी’च्या खुणांना, बोर्ड ‘आउट’च्या. चार्जिंग चालू असताना वाजवू नका. सेल भरला हे मॉड्यूलला नीट कळत नाही.

पखवाजाचा ‘धा’ पडला की बोर्ड एकदम करंट ओढतो, व्होल्टेज खचतं, आवाज फाटतो. त्यासाठी बोर्डाच्या पुरवठ्याच्या टोकांना अगदी लागून १००० मायक्रोफॅरड, १० व्होल्टचा कपॅसिटर लावा, प्लस-मायनस बघून. वायर जाड आणि आखूड ठेवा. माझ्याकडे एवढ्यानंच फरक पडला.

दोन्ही स्पीकरच्या मायनस तारा मात्र एकत्र जोडू नका, ग्राउंडलाही नाही. ही चिप प्रत्येक स्पीकरच्या दोन्ही टोकांवर सिग्नल देते.