सत्तरीनंतर कोलेस्टेरॉलची गोळी घ्यायची का?

रिपोर्टवर आकडा वाढलेला दिसला की लगेच मेडिकलमधून गोळी आणू नका. आमच्या आईचं वय ७६, एलडीएल (म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल) १५८ आलं, तेव्हा आधी थायरॉईड तपासलं कारण थायरॉईड कमी पडलं तरी कोलेस्टेरॉल वाढतं. अटॅक, स्टेंट झालेला असेल तर गोळी बहुतेक लागतेच, एलडीएल १९० च्या वर किंवा शुगर असेल तरी डॉक्टर सहसा देतात. यातलं काहीच नाही आणि पंचाहत्तरी ओलांडलीय, तर मात्र बीपी, तंबाखू, किडनी, चालू गोळ्या सगळं डॉक्टरांपुढे मांडून विचारा, कारण या वयात फायद्याचा पुरावा तेवढा पक्का नाही. शेंगाचटणी भाकरी सोडायची गरज नाही हो, वरून ओतलेलं तेल तेवढं कमी करा आणि सकाळी सिद्धेश्वर तलावाकडे चालून या. गोळीनंतर मांड्या दुखल्या तर परस्पर बंद करू नका, डॉक्टरांना सांगा.