अलंकार कसा निवडावा

शाळेत आपल्याला अलंकार ओळखायला शिकवतात. ओळ समोर येते आणि तिच्यातील अलंकाराचे नाव सांगायचे असते. लिहिणाऱ्यापुढचा प्रश्न मात्र वेगळा असतो: सांगायची गोष्ट मनात आहे, ती कोणत्या रीतीने मांडली म्हणजे वाचकाला ती जशी आहे तशी दिसेल? म्हणून नावे पाठ करण्याआधी, ज्याचे वर्णन करायचे ते उपमेय आणि ज्याच्याशी त्याची तुलना करायची ते उपमान, या दोहोंमध्ये किती अंतर ठेवायचे आहे, हे ठरवावे.

आटलेल्या नदीचे तडकलेले पात्र हे उपमेय घेऊ. ‘नदीचे पात्र भेगाळलेल्या टाचेसारखे दिसत होते’ ही उपमा झाली. येथे पात्र आणि टाच वेगवेगळी राहतात, भेगा हा त्यांचा समान धर्म, म्हणजे दोहोंत सारखा असलेला गुण आहे आणि ‘सारखे’ हा शब्द दोहोंना जोडतो. ‘नदीचे पात्र म्हणजे जणू भेगाळलेली टाचच’ असे म्हटले की उत्प्रेक्षा होते, कारण आता पात्र हे टाचच असावे अशी कल्पना आपण करतो. ‘नदीच्या पात्राची ही भेगाळलेली टाच उन्हात उघडी पडली होती’ या रूपकात दोहोंमधील भेद उरत नाही. ‘हे पात्र नव्हेच, ही भेगाळलेली टाच आहे’ या अपन्हुतीत तर उपमेय चक्क नाकारले जाते. आणि ‘टाचेच्या भेगा मलमाने तरी भरून येतात, या भेगांना पावसाचीच वाट पाहावी लागते’ असे लिहिले, तर उपमेय उपमानाच्या पुढे जाते; हा व्यतिरेक. चित्र तेच राहिले, तरी प्रत्येक वाक्यात निवेदकाची मनःस्थिती बदलत गेली आहे. उपमा देणारा शांतपणे पाहतो आहे. अपन्हुतीपर्यंत पोचलेला माणूस आतून हललेला आहे. अशा हललेल्या माणसाच्या तोंडी मोजूनमापून दिलेली उपमा घातली, तर ती खोटी वाटते आणि निव्वळ माहिती देणाऱ्या लेखात अपन्हुती आली, तर ती नाटकी वाटते.

उपमान निवडताना दोन कसोट्या लावाव्यात. पहिली म्हणजे ते झिजलेले नसावे. ‘मोत्यासारखे अक्षर’ किंवा ‘कमळासारखे डोळे’ वाचताना कोणालाही मोती किंवा कमळ दिसत नाही. टेबलाचा पाय, बाटलीचे तोंड, डोंगरमाथा हीसुद्धा मुळात रूपकेच, पण ती भाषेत पूर्ण मुरली आहेत आणि साधे शब्द म्हणून आपले काम चोख करतात. झिजलेली उपमा मात्र अलंकाराचा आव आणते आणि काहीच दाखवत नाही. दुसरी कसोटी अशी की उपमानाचे इतर गुणही प्रसंगाशी जुळले पाहिजेत. टाच म्हटले की भेगांबरोबर अनवाणी चालणे आणि कष्ट हेही मनात येतात, आणि आटलेल्या नदीला ते शोभतात. त्याच जागी ‘जाळीदार नक्षीसारखे’ लिहिले, तर आकार बरोबर आला तरी दुःख नाहीसे होते.

चेतनगुणोक्तीत निर्जीव वस्तूला सजीवाचे गुण देतात: ‘पात्र आभाळाकडे आ वासून पडले होते.’ वाक्य स्वतंत्रपणे चांगले आहे, पण टाचेच्या रूपकाला लागून आले तर टाचेला तोंड फुटते आणि दोन्ही चित्रे बिघडतात.

शब्दालंकार, म्हणजे शब्दांच्या नादावर किंवा खेळावर उभे असलेले अलंकार, जपून वापरावेत. गद्यात अनुप्रास, म्हणजे एकाच अक्षराची पुनरावृत्ती, ओळीने तीनचार शब्द चालला, की वाचकाचे लक्ष अर्थावरून नादाकडे वळते. श्लेषाला मात्र मराठीत चांगला वाव आहे. ‘जीवन’ या शब्दाचे पाणी आणि आयुष्य असे दोन्ही अर्थ असल्यामुळे ‘नदीतले जीवन आटले’ हे एवढेसे वाक्य एकाच वेळी दोन गोष्टी सांगते. अर्थात, ज्याला पाणी हा अर्थ ठाऊक नाही त्यालाही ते वाक्य पुरे वाटले पाहिजे.

अलंकारांहूनही मला अधिक मोलाची वाटते ती व्यंजना, म्हणजे थेट न सांगता अर्थ सुचवण्याची शब्दांची शक्ती. संस्कृत काव्यशास्त्रात याचे एक जुने उदाहरण आहे: ‘सूर्य मावळला.’ गुराख्याला त्यातून गुरे परत न्यायची आठवण होते, तर वाट पाहणाऱ्या प्रेयसीला भेटीची वेळ झाल्याचे कळते. वाक्यात एकही अलंकार नाही. ते कोण, कोणाला आणि केव्हा म्हणते यावर सगळा अर्थ उभा आहे. नवव्या शतकात आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोक’ ग्रंथात अशा सूचित अर्थालाच काव्याचा आत्मा म्हटले. व्यंजना साधायची असेल, तर प्रसंग आधी नीट रचावा आणि नेमक्या जागी भावनेचे नाव घेणे टाळावे.

मसुदा पूर्ण झाल्यावर त्यातील प्रत्येक उपमानाखाली रेघ मारावी आणि ते काढून वाक्य मोठ्याने वाचून पाहावे. काहीच हरवले नाही, तर ते उपमान परत घालू नये. अशा वेळी स्वभावोक्ती, म्हणजे वस्तूचे जसेच्या तसे बारकाईने केलेले वर्णन, हाताशी असते: ‘चिखल वाळून त्याच्या खपल्या झाल्या होत्या, त्यांच्या कडा वर वळल्या होत्या, आणि एका खपलीवर बगळ्याच्या पायाचा ठसा तसाच राहिला होता.’