मलम आणण्याआधी: अंगावरच्या खुणांवरून ताटातली उणीव कशी ओळखायची

मारबतीची मिरवणूक बघून आम्ही नागपूरच्या महाल भागातून परत येत होतो. आमच्या गल्लीतली, बी.कॉम.ला असलेली एक मुलगी सोबत होती. चालता चालता तिने दोन्ही हात माझ्यापुढे धरले. "काकू, माझे बोटं काहून काळे पडून राहिले?"

दहाही बोटांच्या सांध्यांवर शाई सांडून पुसल्यासारखा काळेपणा होता. लिंबू घासून झालं होतं, बेसन लावून झालं होतं, आणि गेला महिनाभर मेडिकलमधून आणलेली गोरेपणाची ट्यूब चालू होती. घरी आल्यावर मी तिला खिडकीपाशी उभं केलं आणि जीभ बाहेर काढायला सांगितलं. जिभेच्या कडा लाल, गुळगुळीत, दाणे जणू पुसून टाकलेले. तळपायाला मुंग्या येतात का, विचारलं. रात्री येतात म्हणाली. घर माळकरी, अंडं नाही. दुधाने पोट फुगतं म्हणून दूधही तीन वर्षांपासून बंद, फक्त चहात पडेल तेवढं. तपासणीत बी-१२ जीवनसत्त्व फार कमी निघालं. डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली आणि दिवाळीनंतर बोटं पूर्वीसारखी झाली. ट्यूब मी त्याच दिवशी फेकायला लावली होती.

मी नागपुरातच सत्तावीस वर्षं नर्स होते, त्यातली बरीच त्वचारोग विभागात. आता निवृत्त आहे, सक्करदऱ्याला राहते. मी निदान करत नाही, ते डॉक्टरांचं काम. पण डॉक्टरांकडे जाताना काय बघून जायचं आणि काय सांगायचं, हे घरातल्या कुणालाही जमतं. तेच इथे लिहिते.

आधी नीट बघा. दिवसाच्या उजेडात, चेहरा-हात धुऊन, काहीही न लावता. ट्यूबलाइटखाली फिकटपणा कळत नाही. खुणा दोन्ही बाजूंना सारख्या आहेत का, हे पहिलं. पोषणाच्या उणिवेच्या खुणा बहुधा दोन्ही हातांवर, दोन्ही कोपरांवर जोडीने येतात. एकाच बाजूला गोल, खाजणारा, कडेने वाढत जाणारा चट्टा असेल तर तो गजकर्ण असण्याची शक्यता जास्त, आणि त्याला जीवनसत्त्वाची गोळी काही करणार नाही. त्यावर स्टेरॉइडचं मलम लावलं की खाज दोन दिवस थांबते, मग चट्टा दुप्पट पसरतो. आमच्याकडे उन्हाळ्यात असे कितीतरी पेशंट यायचे.

एखादा फिकट किंवा तांबूस चट्टा दिसला तर आणखी एक गोष्ट करा. कापसाची बारीक वात वळा, माणसाला डोळे मिटायला सांगा आणि चट्ट्यावर हलकेच टेकवा. कुठे स्पर्श झाला हे कळलं नाही, तर त्याच आठवड्यात सरकारी दवाखाना गाठा. ते कुष्ठरोगाचं लक्षण असू शकतं. औषध मोफत मिळतं, सहा ते बारा महिन्यांत उपचार पूर्ण होतात, आणि वेळेत घेतलं तर हातापायाला व्यंग येत नाही. लपवून ठेवण्यासारखं त्यात काहीही नाही.

मग जीभ, ओठांचे कोपरे, हिरड्या, डोळ्याच्या खालच्या पापणीची आतली बाजू, नखं आणि केस बघा. कातडी एकटी क्वचितच बोलते. बी-१२ कमी असलं तर जीभ बोलते, लोह कमी असलं तर पापणी पांढुरकी दिसते आणि नखं चपटी होत होत चमच्यासारखी खोलगट होतात.

आणि एक वही घ्या. तीन दिवस तोंडात गेलेलं सगळं लिहा, चहासकट. "आम्ही सगळं खातो" असं प्रत्येक घर सांगतं. वहीत मात्र सकाळी तर्री-पोहे, दुपारी पोळी आणि बटाटा, रात्री वरण-भात एवढंच निघतं. त्याच पानावर चालू औषधं लिहा. मधुमेहाची मेटफॉर्मिन आणि पित्ताच्या रोजच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या तर बी-१२ कमी होऊ शकतं. जुने जुलाब, पोटाचं ऑपरेशन, रोजची दारू, हेही लिहा. दारूचं घरचे सांगत नाहीत. सांगा.

आता कुठल्या जागेवर काय दिसतं, ते बघू.

ओठांचे कोपरे चिरणं सगळ्यांत जास्त बघायला मिळतं. आ केला की आग होते, झणझणीत रस्सा लागला की डोळ्यात पाणी येतं. बी-२, म्हणजे रायबोफ्लेविन, कमी असतं किंवा लोह कमी असतं. पण कवळी सैल असेल, मूल सारखं ओठ चाटत असेल किंवा कोपऱ्यात बुरशी झाली असेल तरी असंच दिसतं. म्हणून जीभ आणि पापणी सोबत बघायची. रोज दही किंवा ताक, अंडं चालत असेल तर अंडं, हे सुरू करा. दोन आठवड्यांत फरक नाही पडला तर दाखवा.

मुलांच्या कोपरांवर, गुडघ्यांवर, मांड्यांच्या बाहेरच्या बाजूला बारीक टोकदार पुरळ येतं. रामटेककडच्या एका शिबिरात आठ वर्षांच्या मुलाच्या कोपरावरून मी हात फिरवला, तर किसणीवरून फिरवल्यासारखा वाटला. प्रत्येक केसाच्या मुळाशी कडक खुंटी. आई रोज दगडाने घासत होती. याला फ्रायनोडर्मा म्हणतात, म्हणजे बेडकासारखी कातडी. अ जीवनसत्त्व, ब गटातली जीवनसत्त्वं आणि तेल-तेलबियांतून मिळणारी आवश्यक स्निग्धाम्लं, या सगळ्यांशी त्याचा संबंध आहे. अशा मुलाला संध्याकाळी अंधुक उजेडात नीट दिसतं का, हे विचारायला विसरू नका. ते अडखळत असेल तर दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात न्या. घासणं बंद करा. जेवणात करडईचं किंवा सोयाबीनचं तेल, जवसाची चटणी, शेवग्याचा पाला, पपई, गाजर आणा. पालेभाजीला तेलाची फोडणी द्याच, कारण अ जीवनसत्त्व अंगी लागायला स्निग्ध लागतं. खुंट्या मऊ करायला डॉक्टर युरियाचं मलम देतात.

पुढची खूण मी स्वतःच्या घरात ओळखली नाही, म्हणून ती जरा सविस्तर सांगते.

सासऱ्यांना टीबीच्या गोळ्या चालू होत्या. भूक गेलेली, ज्वारीची अर्धी भाकर आणि चहा, एवढंच जेवण. नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला होता. सकाळी ते अंगणात बसायचे. आधी हाताच्या पाठी लाल झाल्या, मग काळपट, मग पापुद्रे सुटायला लागले. गळ्याभोवतीही तसाच पट्टा, माळ घातल्यासारखा. सदऱ्याच्या बाहीखालची कातडी मात्र साफ. नागपूरचं ऊन आहे, भाजलं असेल, असं मीच घरात सगळ्यांना सांगितलं आणि कोरफड लावत राहिले. तीन आठवड्यांनी जुलाब लागले, आणि एका रात्री ते मला ओळखेनात. दवाखान्यातल्या एका तरुण डॉक्टरने त्यांची कॉलर बाजूला केली आणि तो पट्टा बघून लगेच सांगितलं, हा पेलाग्रा आहे. निकोटिनामाइड, म्हणजे बी-३ जीवनसत्त्वाचाच एक प्रकार, सुरू केल्यावर तिसऱ्या दिवशी त्यांनी माझं नाव घेतलं. कातडी निवळायला पुढे कित्येक आठवडे लागले.

पेलाग्रा होतो बी-३, म्हणजे नायसिन, कमी पडल्यामुळे. गळ्यावरच्या त्या पट्ट्याला स्पेनच्या गास्पर कासाल यांचं नाव आहे. त्यांनी हा रोग १७३५ मध्ये तिथल्या मक्यावर जगणाऱ्या गरीब शेतकऱ्यांत बघितला होता. आपल्याकडे डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या सुमारास हैदराबादला दख्खनमधल्या, मुख्यतः ज्वारीवर जगणाऱ्या लोकांतला पेलाग्रा अभ्यासला. याचा अर्थ भाकर वाईट असा घेऊ नका. नुसती भाकर वाईट. सोबत वरण, झुणका, शेंगदाण्याची चटणी असली की ताट भरून निघतं. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्यांतून सुमारे साडेतीन मिलिग्रॅम नायसिन मिळतं. सासऱ्यांच्या बाबतीत आणखी एक कारण होतं. टीबीच्या आयसोनियाझिडमुळे शरीराला बी-६ नीट वापरता येत नाही, आणि प्रथिनांपासून नायसिन बनवायला तेच लागतं. म्हणून टीबीच्या औषधांसोबत बी-६ ची गोळी लिहून दिलेली असेल तर ती चुकवू नका. आणि टीबीचं औषध आपल्या मनाने थांबवू तर अजिबात नका, फक्त डॉक्टरांना कातडी दाखवा. उघड्या अंगावर काळपट पापुद्रे, जुलाब आणि भ्रम, यांतलं दोन जरी सोबत दिसलं तरी वाट बघायची नाही, दवाखाना गाठायचा.

मांड्यांवर आणि पोटऱ्यांवर, केसाच्या मुळाशी लाल-जांभळे ठिपके, केस स्क्रूसारखे वळलेले, हिरड्या सुजून रक्त, हा स्कर्व्ही, क जीवनसत्त्वाचा अभाव. हा रोग जुन्या खलाशांचा, असं आपण शाळेत शिकलो. जेम्स लिंडने १७४७ मध्ये बारा आजारी खलाशांपैकी दोघांना संत्री-लिंबं देऊन बरं केलं. पण मी तो नागपुरात बघितला आहे. एकटे राहणारे आजोबा, दात नाहीत, तीन महिने चहा-टोस्ट आणि खिचडी. तिकडे कळमन्याच्या बाजारात संत्र्यांचे ढीग लागलेले, आणि यांच्या पायावर ते ठिपके. आंबट खाल्लं की सांधे धरतात, असं कुणीतरी सांगितल्यामुळे त्यांनी फळं सोडली होती. उलट, सांधे आणि पाय दुखत होते ते त्या उणिवेमुळेच. म्हाताऱ्या माणसाला दात नसतील तर संत्र्याच्या फोडी सोलून द्या, आवळ्याचा कीस द्या, वरणावर लिंबू पिळा, पण भांडं चुलीवरून उतरवल्यावर.

तान्ह्या बाळाच्या तोंडाभोवती, शी-शूच्या जागी आणि हातापायांवर एकाच वेळी लाल, सोलवटलेली कातडी, सोबत जुलाब आणि केस गळणं, यात झिंक कमी असू शकतं. काही बाळांत हा जन्मजात दोष असतो आणि अंगावरचं दूध तुटल्यावर दिसू लागतो. पावडर बदलत बसू नका, दूध आपल्या मनाने तोडू नका, बालरोगतज्ज्ञांकडे न्या. झिंक सुरू झालं की बहुधा थोड्याच दिवसांत कातडी निवळायला लागते.

आणि मुलाच्या दोन्ही पावलांवर सूज असेल, अंगठ्याने दाबल्यावर खळगा राहत असेल, कातडी जुन्या रंगासारखी पोपडे धरून सुटत असेल, केस तांबूस होऊन सहज उपटत असतील, तर ते मूल गुबगुबीत नाही, तीव्र कुपोषित आहे. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तरीही तसंच. घरी एकदम भरपूर खाऊ घालू नका, ते जिवावर बेतू शकतं. अंगणवाडी सेविकेला गाठा. ती पोषण पुनर्वसन केंद्रात पाठवते.

ज्या खुणांना लोक उगाच उणीव समजतात, त्याही ओळखून ठेवा. मुलांच्या गालावरचे फिकट, खरखरीत डाग कॅल्शियमचे नसतात, जंतांचेही नसतात. बहुधा ती कोरडी कातडी असते, खोबरेल तेलाने आणि वेळेने जाते. नखांवरचे पांढरे ठिपके बारीकसारीक ठेच लागल्याचे असतात. मानेवरचा काळा, मखमलीसारखा जाड पट्टा मळ नव्हे. तो घासून रक्त काढलेली माणसं मी बघितली आहेत. तो बहुतेक वेळा वाढलेल्या वजनाशी आणि इन्सुलिनशी जोडलेला असतो. तिथे साखर तपासायची.

घरच्या जेवणात आधी काय बदलाल? जेवणानंतरचा चहा तासभर पुढे ढकला, त्याने लोह अडतं. अंबाडी, चिवळ, मोड आलेली मटकी यांवर लिंबू पिळा, म्हणजे लोह जास्त शोषलं जातं. भाजी हिरवी राहावी म्हणून सोडा टाकू नका. कडधान्य भिजवून मोड आणा, त्याने झिंक आणि लोह जास्त मिळतं. शाकाहारी घरात रोज दूध-दही हवंच. ते पचत नसेल तर बी-१२ ची गोळी डॉक्टरांना विचारून कायमची घ्यावी लागते. पालेभाजीतून ते मिळत नाही.

गोळ्यांबद्दल मात्र हात जोडून सांगते, मल्टिव्हिटॅमिनची बाटली आधी आणून मग रक्त तपासू नका. आकडे बदलतात आणि खरं कारण झाकलं जातं. नुसत्या फॉलिक अॅसिडने रक्त सुधारतं, पण बी-१२ च्या उणिवेने नसांचं नुकसान चालूच राहतं. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर थायरॉइडच्या तपासणीआधी सांगा, निकाल चुकतात. झिंक महिनोन्‌महिने जास्त घेतलं तर तांबं कमी होतं. आणि गरोदर बाईने अ जीवनसत्त्वाच्या मोठ्या डोसाच्या गोळ्या स्वतःहून घेऊच नयेत, पोटातल्या बाळाला व्यंग येऊ शकतं. बाळ नऊ महिन्यांचं झाल्यापासून पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी सरकारी डोस मिळतो, तो जरूर द्या, आणि कार्डावर तारीख लिहून घ्या, म्हणजे दोनदा जाणार नाही.

उपचार सुरू झाल्यावर जीभ आणि ओठ एक-दोन आठवड्यांत सावरतात. कातडीला कित्येक आठवडे लागतात, केसांना महिने. हाताचं नख महिन्याला तीनेक मिलिमीटर वाढतं, म्हणून नवं नख पूर्ण यायला सहा महिने धरा. रोज आरशात बघून फरक कळत नाही आणि माणूस धीर सोडून औषध बंद करतो. त्यापेक्षा दर रविवारी, एकाच खिडकीपाशी, एकाच वेळी मोबाइलवर फोटो काढा. काळ्या बोटांच्या त्या मुलीने असे अकरा फोटो काढले होते. सहाव्यापर्यंत तिला काहीच दिसत नव्हतं. मी पहिला आणि सहावा शेजारी ठेवून दाखवले, आणि तिने पुढचं इंजेक्शन चुकवलं नाही.