सहा इंची पडद्यावर मराठी पुस्तक: घेण्याआधी काय तपासावं, घेतल्यावर काय करावं

मराठी ई-पुस्तकांचे मूळ प्रकार दोनच. एकात मजकूर युनिकोडमधल्या, म्हणजे सगळ्या यंत्रांना कळणाऱ्या प्रमाण सांकेतिक रीतीतल्या खऱ्या अक्षरांचा असतो. टाईप मोठा केला की ओळी आपोआप नव्याने जुळतात. दुसऱ्यात छापील पानाचा फोटो असतो, किंवा पानाची जशीच्या तशी पीडीएफ. ती फक्त झूम करता येते आणि मग प्रत्येक ओळ डावी-उजवीकडे सरकवत वाचावी लागते. ई-पुस्तक वाचायचं यंत्र कोणतं घ्यावं, पुस्तक कुठून घ्यावं, ते नीट वाचता येईल का, हे सगळं या एका फरकावर ठरतं. त्यामुळे पैसे भरण्याआधी तो तपासायचा.

तपासायला फुकटचा नमुना पुरतो. किंडल या ॲमेझॉनच्या वाचनयंत्राच्या ऑनलाइन दुकानात जवळजवळ प्रत्येक पुस्तकाचा नमुना मिळतो, तो यंत्रावर किंवा फोनच्या ॲपमध्ये उतरवून घ्या. पडद्याच्या वरच्या भागावर टॅप करून अक्षरांचा मेन्यू उघडा आणि आकार दोन-तीन पायऱ्या वाढवा. ओळी नव्याने जुळल्या तर मजकूर खरा आहे. आकाराचा पर्यायच दिसत नसेल किंवा वाढवून काही बदलत नसेल, तर ते पान म्हणजे चित्र आहे. असं पुस्तक दहा इंची टॅबलेटवर चालून जाईल, सहा इंची यंत्रासाठी घेऊ नका.

मजकूर खरा निघाला तरी तो किती काळजीने केलाय हे दोन पानांत कळतं. ‘ऱ्या’ आणि ‘र्या’ नीट वेगळे ठेवलेत का पाहा. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या डोंगरातल्या; आचार्यांना दक्षिणा आणि आचाऱ्यांना पगार. स्कॅनवरून यंत्राने वाचून घेतलेल्या मजकुरावर मराठी माणसाने हात फिरवला नसेल, तर हा भेद हमखास पुसला जातो. सोबत ‘ळ’च्या जागी भलतंच अक्षर, शब्दाच्या मधोमध आलेला जोडचिन्हाचा डॅश, परिच्छेद अर्ध्या ओळीत तुटणं अशा खुणाही सापडतात. नमुन्यातच हे दिसत असेल तर पुढची तीनशे पानं वेगळी नसतील. आणि अनुक्रमणिकेतून प्रकरणावर टॅप करून तिथे जाता येतं का, हेही बघा. कथासंग्रह आणि दिवाळी अंकात याची रोज गरज पडते.

आता यंत्र. सलग वाचन करणाऱ्याने ई-इंकचा, म्हणजे कागदासारखा दिसणारा पडदाच घ्यावा असं आमचं स्पष्ट मत आहे. तो उन्हात नीट दिसतो, डोळ्यांवर प्रकाश मारत नाही आणि चार्जिंग आठवडेच्या आठवडे पुरतं. पडदा इंचाला 300 पिक्सेलचा हवा. जुन्या स्वस्त यंत्रांवर 167 पिक्सेलचा पडदा असे. इंग्रजी त्यावर निभतं, पण ‘ष्ट्य’, ‘द्ध’, ‘क्ष्म’ यांची पोटं बुजतात. साठवणुकीची फार चिंता नको. नुसत्या मजकुराची कादंबरी साधारण एखाद-दोन एमबीची असते, आठ जीबीत हजारो पुस्तकं बसतात.

मात्र यंत्र घेण्याआधी आपली पुस्तकं कुठल्या दुकानात आहेत ते पाहायला हवं. ॲमेझॉनवर मराठी पुस्तकं मुबलक आहेत आणि किंडल त्याच दुकानाला जोडलेलं असतं. बुकगंगावरची ई-पुस्तकं मात्र बुकगंगाच्या स्वतःच्या ॲपमध्ये उघडतात, आणि किंडल किंवा कोबो या दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर ते ॲप बसत नाही. ज्यांची बरीच खरेदी तिथली आहे त्यांनी अँड्रॉइडवर चालणारं ई-इंक यंत्र घ्यावं, उदाहरणार्थ बूक्स. त्यावर दोन्ही ॲप चालतात. बॅटरी लवकर उतरते, तेवढं सोसायचं.

खरेदी करताना फोनच्या ॲपमध्ये ‘विकत घ्या’चं बटण दिसलं नाही तर गोंधळू नका. ॲप स्टोअरच्या पैशांच्या नियमांमुळे ते काढलेलं असतं. ब्राउझरमध्ये त्याच खात्याने लॉगिन करून घ्या, पुस्तक आपोआप ॲपमध्ये उतरेल. परदेशातल्या मराठी वाचकांचा घोटाळा इथेच होतो: भारतातलं एक खातं, तिकडचं दुसरं, आणि यंत्र एका वेळी एकाच खात्याला जोडता येतं. आधी एक खातं पक्कं करा, त्यातली देशाची सेटिंग पाहा, मगच खरेदी सुरू करा. विकत घेतलेलं ई-पुस्तक म्हणजे वाचण्याचा परवाना, हेही ध्यानात असू द्या. विकत घेतलेली पुस्तकं संगणकावर उतरवून केबलने किंडलवर टाकायची सोय ॲमेझॉनने 26 फेब्रुवारी 2025 पासून बंद केली. पुस्तक मैत्रिणीला वाचायला देणं किंवा जुन्या पुस्तकांत विकणं या परवान्यात बसत नाही. जे पुस्तक घरात पिढ्यान् पिढ्या राहावं असं वाटतं, ते छापीलच घ्यावं.

फुकट आणि कायदेशीर मराठी पुस्तकंही भरपूर आहेत. भारतात लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षं हक्क राहतात. साने गुरुजी 1950 मध्ये गेले, म्हणून त्यांचं लेखन 1 जानेवारी 2011 पासून मुक्त झालं. मराठी विकिस्रोत या मुक्त ऑनलाइन ग्रंथालयात पुस्तकाच्या पानावरच्या डाउनलोडच्या बटणाने इपब, म्हणजे ओळी नव्याने जुळणारी ई-पुस्तकाची फाइल मिळते, आणि लहान यंत्रासाठी तीच घ्यावी. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावर मंडळाची प्रकाशनं पीडीएफमध्ये आहेत, ई-साहित्य प्रतिष्ठानही पुस्तकं विनामूल्य देतं.

इपब केबलने किंडलवर टाकली तर ती यादीत दिसतच नाही, ही सर्वांत जास्त येणारी तक्रार. किंडलला इपब थेट उघडता येत नाही, ती ॲमेझॉनच्या ‘सेंड टू किंडल’ या सोयीतून पाठवायची, म्हणजे वाटेत तिचं रूपांतर होतं. संकेतस्थळावरून 200 एमबीपर्यंतची आणि ईमेलने 50 एमबीपर्यंतची फाइल जाते. ईमेलने पाठवायची तर आधी खात्यात ‘मॅनेज युवर कंटेंट अँड डिव्हायसेस’, मग ‘प्रेफरन्सेस’, मग ‘पर्सनल डॉक्युमेंट सेटिंग्ज’ इथे आपला पत्ता मंजूर यादीत घाला. यंत्राचा स्वतःचा ईमेल पत्ताही तिथेच सापडतो.

फाइल परत आली आणि ‘ई 999’ अशी चूक दिसली तर बऱ्याचदा पुस्तकाच्या माहितीत भाषाच लिहिलेली नसते. कोविद गोयल यांनी बनवलेलं कॅलिबर हे मोफत सॉफ्टवेअर संगणकावर घ्या. त्यात पुस्तक टाकून माहिती संपादित करा, भाषा मराठी निवडा, आणि इपबचं पुन्हा इपबमध्येच रूपांतर करा. हे शेवटचं पाऊल गाळू नका. नुसती माहिती बदलली तर ती कॅलिबरच्या यादीत बदलते, तुम्ही पाठवता त्या फाइलमध्ये उतरलेली नसते. भाषा नोंदवण्याचा दुसरा फायदा म्हणजे ज्या फॉन्टमध्ये ‘ल’ आणि ‘श’ची मराठी वळणं वेगळी दिलेली असतात, तिथे तीच उमटतात, नाहीतर हिंदी वळणं दिसतात.

पीडीएफचं गणित एकदा समजून घ्या. ए-4 पान 210 मिलिमीटर रुंद, सहा इंची पडदा साधारण 91. पान अख्खं बसवलं की 12 पॉइंटचा टाईप पाच पॉइंटांवर येतो, जाहिरातीतल्या तळटीपेसारखा. दोन्ही बाजूंचे 25 मिलिमीटरचे समास कापले तर मजकूर 160 रुंदीचा उरतो आणि टाईप सातच्या आसपास जातो. शिवाय यंत्र आडवं धरलं तर रुंदी 122 मिळते आणि टाईप नऊ पॉइंटांवर येतो. हा वाचण्याजोगा आहे. म्हणून समास कापणं आणि आडवं धरणं दोन्ही एकत्र करा. एकाने भागत नाही. ‘के टू पीडीएफ ऑप्ट’ हे मोफत साधन पानाच्या चित्रातले शब्द उचलून लहान पानावर पुन्हा मांडतं. अक्षरं ओळखण्याची त्याला गरज नसते, त्यामुळे स्कॅन केलेल्या जुन्या मराठी पुस्तकांवरही ते चालतं.

पीडीएफचं कॅलिबरमध्ये इपब करायच्या आधी एक ओळ निवडून कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा उमटला तर पुस्तक ‘श्रीलिपी’ किंवा ‘आकृती’सारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये जुळवलेलं आहे. रूपांतर केलं तरी हाच कचरा इपबमध्ये जाणार. देवनागरी उमटली, पण ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला सरकली किंवा रफार सुटा पडला, तरी थांबा. अशा वेळी गूगल ड्राइव्हवर फाइल चढवून ती गूगल डॉक्समध्ये उघडावी. तिथे मराठी अक्षरओळख बऱ्यापैकी होते. मग मजकूर वाचून दुरुस्त करावा लागतो, आणि ते काम चिकाटीचं आहे.

वाचायला बसल्यावर ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा एक पायरी जास्त ठेवा. ते घट्ट असेल तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला टेकतो. दोन्ही कडांना समान जुळवणी बंद करून डावीकडून सरळ ठेवा. मराठी शब्द लांब, पडदा अरुंद, त्यामुळे समान जुळवणीत शब्दांमध्ये खिंडारं पडतात. कोबोवर अक्षरांच्या जागी चौकोन दिसले तर यंत्रात देवनागरी फॉन्ट नाही. यंत्र संगणकाला जोडा, मुख्य जागेत इंग्रजी लहान अक्षरांत ‘फॉन्ट्स’ नावाचा फोल्डर करा, त्यात ‘एक टाईप’ या संस्थेचा ‘मुक्ता’ फॉन्ट किंवा ‘टिरो देवनागरी मराठी’ टाका आणि मेन्यूतून निवडा. दोन्ही गूगल फॉन्ट्सवर विनामूल्य आहेत.

शोध घेताना ‘वाऱ्यावर’ पुस्तकात असूनही सापडत नसेल तर पुस्तकात तो दुसऱ्या सांकेतिक रीतीने लिहिलेला असतो. हा अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. डोळ्याला एकसारखा, यंत्राला वेगळा. शेजारचा साधा शब्द शोधा.

नवीन यंत्रावर एकदम शंभर पुस्तकं टाकली की बॅटरी दोन दिवसांत उतरते, कारण यंत्र आतल्या आत प्रत्येक पुस्तकाची शोधसूची बनवत असतं. चार्जिंगला लावून ठेवा, काम संपलं की बॅटरीचा खर्च मूळ पदावर येतो. एखादं पुस्तक बिघडलेलं असेल तर सूची तिथेच अडकते. मग शेवटी टाकलेली पुस्तकं काढून एकेक करून परत घाला. मागच्या पानाची सावली राहत असेल तर वाचनाच्या सेटिंगमध्ये प्रत्येक पानाला पडदा ताजा करण्याचा पर्याय चालू करा. किंडल गोठलं तर पॉवरचं बटण चाळीस सेकंद दाबून धरा. यंत्र पुन्हा सुरू होतं आणि पुस्तकं जागच्या जागी राहतात.