थॉमस गर्टिनचं पुनर्मूल्यांकन: आधी कागद, मग रंग, आख्यायिका शेवटी

इंग्लिश जलरंग चित्रकार गर्टिन १७७५ मध्ये लंडनला जन्मला आणि १८०२ मध्ये, अवघ्या २७ व्या वर्षी गेला. त्याच्याविषयी तीन गोष्टी हमखास सांगितल्या जातात: अकाली मृत्यू, चित्रकार टर्नरची सोबत आणि मातकट, उबदार रंग. यातली तिसरी बऱ्याच अंशी उजेडाने केलेली आहे. म्हणून सुरुवात चरित्रापासून न करता चित्राच्या कागदापासून करावी.

ब्रिटिश म्युझियमच्या चित्र-अभ्यासिकेत आधी वेळ ठरवून जाता येतं. सोबत फक्त पेन्सिल ठेवा, आणि शक्य असेल तर चित्र माउंटशिवाय (भोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीशिवाय) पाहायला मागा. कागद उजेडासमोर धरायचं काम कर्मचाऱ्यांचं, तुम्ही जलचिन्ह (कागदात उमटवलेली, उजेडात दिसणारी खूण) नोंदवा. १७९४ पासून इंग्लिश कागदाच्या जलचिन्हात साल सर्रास दिसू लागतं. चित्र त्या सालाआधीचं नाही, एवढंच त्यावरून ठरतं. तेच साल चित्राची तारीख म्हणून लिहिणं ही नेहमीची चूक.

आता कडा पाहा. माउंटखाली झाकल्या गेलेल्या चार-पाच मिलिमीटरच्या पट्टीत मूळ रंग टिकलेला असू शकतो. आत गुलाबी ढग आणि कडेला निळसर करडी रेघ दिसली, की काय झालं ते कळतं. त्या काळी ढगांचा करडा रंग नीळ आणि तांबडी माती मिसळून करत. उजेडाने नीळ उडते, माती तशीच राहते. झाडांचंही तेच: नीळ आणि पिवळ्या मातीचा हिरवा शेवटी तपकिरी होतो. रसेल आणि ॲब्नी या शास्त्रज्ञांनी १८८८ च्या अहवालात जलरंगांवरचा उजेडाचा परिणाम प्रयोगांनी दाखवला होता. तेव्हा ‘संध्याकाळचं आकाश’ असं टिपण करण्याआधी कडा तपासाच.

हे घरी करून पाहण्यासारखं आहे. दोन भाग नीळ, एक भाग इंडियन रेड (तांबडा मातीचा रंग) आणि भरपूर पाणी घेऊन जाड कागदावर पातळ थर द्या. वाळला की अर्धा भाग ॲल्युमिनियमच्या फॉइलने झाका आणि उन्हाच्या खिडकीत ठेवा. दर आठवड्याला फॉइल उचलून दोन्ही भाग ताडून पाहा. इथे हमखास फसगत होते ती ट्यूबमुळे. ‘इंडिगो’ नावाने मिळणारे बरेच रंग थॅलो निळा (आधुनिक कृत्रिम रंग) आणि काळा यांचं मिश्रण असतात, ते उडत नाहीत. ट्यूबवर रंगद्रव्याचा क्रमांक एनबी १ हवा, म्हणजे अस्सल वनस्पतीची नीळ.

हात कोणाचा, हा प्रश्न जास्त अवघड. चित्रसंग्राहक डॉ. मन्रो यांच्या लंडनमधल्या घरी गर्टिन आणि टर्नर संध्याकाळी सहा ते दहा चित्रं करत. चित्रकार फॅरिंग्टनच्या १७९८ च्या रोजनिशीत हे दोघांच्याच सांगण्यावरून नोंदलं आहे: गर्टिन रेखाटायचा, टर्नर त्यावर रंगाचे थर द्यायचा. टर्नरला रात्रीचे साडेतीन शिलिंग मिळत. गर्टिनने आपला आकडा सांगितला नाही. १८३३ मध्ये मन्रोंचा संग्रह लिलावात निघाला आणि पुढे ही चित्रं बहुतेक एकट्या टर्नरच्या नावावर चढली. अशा कागदावर निळ्या-करड्या थराखालची पेन्सिल भिंगाने पाहा. तुटक, मधेच ठिपक्यांत विरणारी रेघ गर्टिनची खूण आहे. मात्र एकट्या रेघेवर निकाल देऊ नका, कारण त्याचं अनुकरण करणारेही होते.

चरित्रासाठी चार रकाने आखा: घटना, सांगणारा, कधी लिहिलं, स्वतः पाहिलं होतं का. ‘टॉम जगला असता तर मी उपाशी मेलो असतो’ हे टर्नरच्या तोंडचं वाक्य मागाहून इतरांनी सांगितलेलं आहे. फॅरिंग्टनची नोंद त्याच काळातली. दोन्हींना एकाच पारड्यात टाकू नये. गर्टिनच्या सगळ्या चित्रांची सूची लंडनच्या पॉल मेलन सेंटर या ब्रिटिश कलेच्या अभ्याससंस्थेने २०२२ पासून इंटरनेटवर खुली केली आहे. प्रत्येक नोंद तिच्याशी ताडून पाहा.

लंडनच्या टेट संग्रहालयातलं ‘द व्हाइट हाउस ॲट चेल्सी’ (१८००) जेमतेम ३० बाय ५१ सेंटिमीटरचं आहे. त्यावरून गर्टिन छोट्या कागदाचा चित्रकार वाटतो. पण १८०२ मध्ये त्याने लंडनचं वर्तुळाकार दृश्य उभं केलं होतं, १८ फूट उंच आणि १०८ फूट घेराचं. ते आज नाही. त्याची तयारीची रेखाटनं ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत, आणि अभ्यासिकेत ती शेवटी न मागवता पहिल्याच दिवशी मागवावीत.