चाकू-सुऱ्यांची वेबसाइट करताय? या चुका टाळा

दुकानात गिऱ्हाईक सुरी कशी घेतं ते आठवा. आधी मूठ धरतं, मनगट हलवून वजन बघतं, अंगठा धारेला आडवा लावून पाहतं, मग एक डोळा मिटून पातं सरळ आहे की नाही ते न्याहाळतं. भाव विचारतं सगळ्यात शेवटी. वेबसाइटवर यातलं काहीच करता येत नाही. तरी बहुतेक विक्रेते एक चकचकीत फोटो, खाली ‘प्रीमियम क्वालिटी’ आणि आकडा एवढ्यावर भागवतात, आणि मग विचारतात, “रोज लोक येऊन बघून जातात, ऑर्डर का येत नाही?”

विळ्या, सुऱ्या, अडकित्ते, कोयते करणाऱ्या लहान कारागिरांच्या वेबसाइटचं काम मी करतो. खालच्या चुकांपैकी निम्म्या माझ्याच हातून झालेल्या आहेत.

फोटो छान, पण पातं दिसत नाही

पॉलिश केलेलं पातं म्हणजे आरसाच. त्यात छताचा पंखा दिसतो, मोबाइल धरलेला हात दिसतो. एकदा तर फोटो काढणाऱ्याची बनियन दिसत होती आणि तो फोटो सहा महिने तसाच झळकत होता. उन्हात काढला तर पांढरा पट्टा येतो, फ्लॅश मारला तर पात्याची नुसती पत्र्याची पट्टी होते.

यावरचा उपाय शंभर-दोनशे रुपयांत होतो. उन्हाची तिरीप न येणाऱ्या खिडकीला ट्रेसिंग पेपर चिकटवा. पात्यासमोर मोठा पांढरा पुठ्ठा असा धरा की पात्यात पुठ्ठ्याचंच प्रतिबिंब पडेल. आता पुठ्ठा हळूहळू कलता करत जा. एका कोनात सहाणेच्या बारीक रेघा, पाठीजवळचे घणाचे ठसे, सगळं उमटून येतं. तिथे थांबा आणि फोटो काढा. त्याआधी पातं पुसायला विसरू नका. बोटांचे ठसे पडद्यावर दुप्पट मोठे दिसतात.

एका वस्तूचे तीन फोटो तरी हवेतच. एक पूर्ण लांबीचा, शेजारी फूटपट्टी किंवा साधा कांदा ठेवून. दुसरा पाठीच्या बाजूने, म्हणजे मुठीपाशी जाडी किती आणि टोकाकडे ती कशी उतरत जाते ते कळेल. तिसरा फोटो जवळजवळ कुणीच टाकत नाही, आणि जाणकार गिऱ्हाईक नेमका तोच शोधतं: टाचेकडून, म्हणजे धारेच्या मुठीकडच्या कोपऱ्यातून, पात्याच्या लांबीवर नजर ठेवून काढलेला. त्यात पात्याची पाचर दिसते. धारेच्या लगेच वर पातं जाड असेल तर सुरी कितीही परजा, गाजर कापलं जात नाही, ते तडकतं. कोहळ्याच्या फोडीत सुरी रुतून बसते. पातं धारेपर्यंत पातळ उतरवलं असेल तर तेवढा एक फोटो अर्धी विक्री करून देतो.

आणि हो, मोबाइलमधून निघालेला सहा एमबीचा फोटो जसाच्या तसा चढवू नका. वेबपी या हलक्या फाइल प्रकारात आणून दीड-दोनशे केबीत बसवा. गावच्या नेटवर्कवर पान उघडेपर्यंत माणूस निघून जातो.

‘उच्च दर्जाचं पोलाद’

हे वाक्य लिहिण्यापेक्षा काही न लिहिलेलं बरं. पोलादाचं नाव लिहा. ट्रकच्या कमानपाट्यापासून कोयता घडवला असेल तर तसं छातीठोक सांगा. त्यात लपवण्यासारखं काही नाही. पाट्याचं पोलाद चिवट असतं, मार खातं, कोयत्याला ते शोभतं. जुन्या बेअरिंगच्या पोलादात साधारण एक टक्का कार्बन असतो, त्याची धार जास्त टिकते. स्टेनलेस म्हणत असाल तर त्यात किमान साडेदहा टक्के क्रोमियम हवं, आणि ‘स्टेनलेस’ म्हणजे ‘कधीच न गंजणारं’ नव्हे, हेही तिथेच लिहा.

मग येतो कडकपणाचा आकडा, तो रॉकवेल या मापात सांगतात. इथे मी स्वतः तोंडावर आपटलो आहे. एका कारागिराला विचारलं, पाणी कसं दिलंय, म्हणजे पातं तापवून, विझवून किती कडक केलंय? ते म्हणाले, “कानस घसरते बघा वरून,” म्हणजे पातं इतकं कडक की कानस चावत नाही. मी उत्साहात लिहून टाकलं, ‘६० रॉकवेल’. एका गिऱ्हाइकाने सुरी एमआयडीसीतल्या हीट ट्रीटमेंटवाल्याकडे नेऊन मोजली. आकडा आला ५४. सुरी वाईट नव्हती, रोजच्या भाजीला उत्तम होती. खोटं माझं वाक्य होतं. पैसे परत गेले ते गेलेच, कारागिराने महिनाभर माझ्याशी धड बोलणं टाकलं. जर्मन धाटणीच्या स्वयंपाकाच्या सुऱ्या साधारण ५६ ते ५८ वर असतात, जपानी ६० च्या पुढे जातात. मोजून घेतलं असेल तरच आकडा लिहा. नसेल तर ‘दोन-तीन आठवड्यांतून एकदा निसणा लागतो’ असं अनुभवाचं सांगा. ते लोकांना जास्त समजतं.

‘डमास्कस’, म्हणजे लाटांसारखी नक्षी असलेलं पातं, या शब्दाने तर उच्छाद मांडलाय. त्या नावाखाली आज तीन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. दक्षिण भारतात मुशीत वितळवून केलेलं जुनं वूट्झ पोलाद, ज्याची नक्षी कार्बाइडच्या, म्हणजे कार्बनच्या कडक कणांच्या, थरांमुळे आपोआप उमटते. दोन प्रकारच्या पोलादांचे थर भट्टीत एकजीव करून घडवलेलं, हल्ली सगळीकडे दिसणारं पातं. आणि साध्या पात्यावर लेझरने छापलेली नक्षी. तिसरा प्रकार विकायला कुणाची ना नाही, पण तो पहिल्या-दुसऱ्याच्या भावात आणि नावात विकू नका. खऱ्या थरांची नक्षी पाठीवरूनही गेलेली दिसते, आणि घासून काढली तरी पातं फेरिक क्लोराइड या पोलाद खाणाऱ्या रसायनात बुडवलं की परत येते. तसा फोटो टाका, वाद मिटतो.

घरातली सुरी, पण दिसते खुनी

काळी पार्श्वभूमी, लाल अक्षरं, एखादी कवटी. कांदा चिरायची वस्तू आणि थाट रात्री दरोडा घालायचा! बायका असं पान दोन सेकंदांत बंद करतात. जाहिरातींच्या कंपन्याही बिचकतात: ‘हल्ला’, ‘स्वसंरक्षण’, ‘टॅक्टिकल’ असले शब्द दिसले की जाहिरात नाकारली जाते. मग मालक म्हणतो, “आमचीच का अडवली?” पान उघडून आपलेच शब्द वाचा.

कायद्याचाही इथे संबंध येतो. शस्त्र नियमांच्या यादीत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे चाकू, तलवारी, खंजीर येतात. घरगुती, शेती, शास्त्रीय आणि औद्योगिक कामासाठी बनवलेली हत्यारं त्यातून वगळली आहेत. म्हणजे वस्तू कशासाठी आहे, हे तुमच्या वर्णनात स्वच्छ दिसलं पाहिजे. ‘ऊसतोडणीचा कोयता’, ‘नारळ सोलायचा कोयता’ असं लिहा, लांबी-रुंदी-वजन द्या. मोठ्या पात्याच्या शोभेच्या वस्तू ठेवत असाल तर आधी वकिलाला विचारा. मुठीला सांबरशिंग वापरत असाल तर ते ताबडतोब थांबवा. वन्यजीव कायदा १९७२ चा आहे, ‘आमच्याकडे जुना साठा होता’ ही सबब चालत नाही. शिसवी मूठ परदेशी पाठवणार असाल, तर ते लाकूड २०१७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियंत्रित यादीत आहे. तयार मालाला वजनाच्या मर्यादेत सूट मिळते, तरी पार्सल सोडण्यापूर्वी चौकशी करा.

माल गेला, आणि परत आला

दोनच कारणं बघितली आहेत मी. पहिलं, टोक खोक्यातून बाहेर आलं. बबल रॅपने काही होत नाही, टोक त्यातून आरपार जातं. जाड पुठ्ठ्याची दुहेरी म्यान करून टोकाला घडी घाला, पातं आत सरकणार नाही असं बांधा, मगच खोकं.

दुसरं कारण ‘गंज’. कार्बन पोलादाची विळी कोकम-चिंचेला लागली की काळीनिळी होते. ज्यांच्या आजीकडे तशी विळी होती त्यांना ते माहीत असतं. मॉलच्या सुऱ्यांवर वाढलेल्यांना वाटतं, फसवलं. वस्तूच्या पानावरच, विकत घ्यायच्या बटणाच्या वर, वापरून काळ्या झालेल्या विळीचा फोटो टाका आणि लिहा: ही अशी होणार, हा दोष नाही, लाल गंज दिसला तर मात्र घासून काढा, काम झाल्यावर कोरडी पुसा, पावसाळ्यात तेलाचा हात फिरवा. एका ठिकाणी हा फोटो टाकल्यावर परतीचे फोन जवळजवळ थांबले.

‘किमतीसाठी मेसेज करा’

करत नाहीत लोक मेसेज. भाव लिहा. विकलेली सुरी काढून टाकायची नसेल तर तिच्यावर ‘विकली’ लिहा, आणि तशी घडवून द्यायला किती आठवडे लागतील तेही. चार आठवडे सांगून दहा लावण्यापेक्षा दहा सांगा. मालकाचं नाव, पत्ता, तक्रारीसाठी माणूस या गोष्टी ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांतही आहेत, पण मुळात धारदार वस्तू अनोळखी माणसाकडून कोण घेईल?

शेवटी एक बारीकशी गोष्ट. तुम्ही ‘विळी’ लिहिता, पण तीच वस्तू कुठे मोरळी आहे, कुठे पावशी, मालवणीत आडाळो. लोक आपल्या घरातला शब्द टाइप करून शोधतात. वर्णनात एक ओळ त्या सगळ्या नावांची घाला. आणि फोन नंबर बॅनरच्या चित्रात छापू नका, अक्षरांत लिहा, म्हणजे बोट लावलं की थेट फोन लागेल.