कळा सुरू व्हायच्या आधी गाडीचं ठरवा

घरीच बाळंत व्हायचं ठरलं की सगळे बाळंतविड्याच्या मागे. दवाखान्यात न्यायची वेळ आली तर काय, हे मात्र कुणी बोलत नाही. अभद्र कशाला बोलायचं म्हणे! इंग्लंडमधल्या 2011 सालच्या मोठ्या पाहणीत घरी बाळंत व्हायचं ठरवलेल्या पहिलटकरणींपैकी शंभरात 45 जणींना हलवावं लागलं, आधी मूल झालेल्यांपैकी 12 जणींना. तिथल्या सुईणी शिकलेल्या, रस्ते धड. आपल्याकडे पहिलटकरीण, जुळं, पायाळू, आधीचं सिझर किंवा अंगात रक्त कमी असेल तर घरचा विचारच सोडा, असं मी तोंडावर सांगते.

गाडी आठव्या महिन्यातच ठरवा. एक नाही, दोन. आपल्या कर्नाटक-महाराष्ट्र सीमाभागात, खानापूर तालुक्यातल्या जांबोटी-कणकुंबीकडे पावसाळ्यात ओढ्यावर पाणी चढलं की नेहमीचा रस्ता बंद, म्हणून दुसऱ्या वाटेने एकदा दिवसा जाऊन या आणि घड्याळ लावून वेळ बघा. खानापूरच्या सरकारी दवाखान्यात रात्री सिझर होतं का, हे आधीच विचारा. नाहीतर तिथून पुढे बेळगाव अजून 25 किलोमीटर. अँब्युलन्सचा 108 हा नंबर कर्नाटकात तोच, महाराष्ट्रात तोच, त्यामुळे फोनवर आधी राज्य, मग तालुका, मग गाव.

कागदांचा घोळ आपल्याकडे हमखास. सासर महाराष्ट्रात चंदगडला, माहेर कर्नाटकात खानापूरला. नोंद तिकडे, बाळंतपण इकडे. तिकडचं माता-बाल कार्ड, इकडचं तायी कार्ड (कर्नाटकातलं गरोदर बाईच्या नोंदीचं कार्ड), सोनोग्राफी, रक्तगट, आधार, रेशनकार्ड एकाच पिशवीत घाला. कळा कधी सुरू झाल्या, पाणमोट कधी फुटली, कुठलं औषध दिलं, हे सुईणीने वेळ घालून लिहावं, तेही कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत. मराठीचा अभिमान घरी ठेवा. रात्रपाळीच्या सिस्टरला वाचता आलं पाहिजे.

‘चला’ म्हणायचा हक्क सुईणीचा, सासूचा नव्हे. बहुतेक वेळा कारण साधंच असतं: कळा थंडावतात, बाई थकते. तेव्हा निवांत निघता येतं आणि तेव्हाच निघावं. पाणी हिरवट आलं, ताप चढला, डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी आली, बाळ झाल्यावर अर्ध्या तासात वार पडली नाही किंवा रक्त थांबेना, तर चहा ठेवत बसू नका. नाळच आधी बाहेर आली तर बाईला गुडघ्यांवर ओणवी करा, डोकं खाली, ढुंगण वर. नाळेला हात लावू नका.

गाडीत तिला डाव्या कुशीवर झोपवा. बाळ झालेलं असेल तर पुसून, उघडंच आईच्या छातीला लावा आणि दोघांवर मिळून पांघरूण घाला. सुईणीने सोबत जायचंच. आईचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर तिथे पोचल्यावर बाळाचा गट तपासायला सांगा; पॉझिटिव्ह निघाला तर आईला अँटी-डीचं इंजेक्शन 72 तासांच्या आत लागतं, आणि गडबडीत नेमकं तेच राहून जातं.